जिन्याखालच्या खोलीतल्या गोळ्या

देवघर रोज पुसले, समई रोज घासली, तरी तिच्या बुडाशी तेलाचा एक पातळ थर राहतोच. तो कोणी मुद्दाम ठेवत नाही. रुग्णालयातल्या नोकरीचेही तसेच आहे. ड्यूटी संपली की आपण हात धुतो, घरी येतो, देवापुढे दिवा लावतो. आणि कधीतरी निवांत बोलायला बसलो की कळते, अरेच्चा, हे सगळे अजून आत साचलेलेच आहे! हल्ली आमच्या भजनी मंडळात शेवटचा अभंग झाला आणि टाळ खाली ठेवले की मैत्रिणी म्हणतात, "सिस्टर, देवाचं झालं, आता तुमच्या वॉर्डाचं होऊ द्या." म्हणून हे थोडे किस्से. नावे बदलली आहेत. माणसे मात्र होती तशीच ठेवली आहेत.

मी नाशिकमधल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात सिस्टर इनचार्ज होते. हाड मोडलेले, छातीत कफ साठलेला, पित्ताशय काढलेले, अशी शरीराची दुखणी घेऊन माणसे माझ्याकडे येत. मन नावाच्या वस्तूला केस पेपरवर कुठेही रकाना नव्हता. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर डॉ. वैजयंती आल्या, आणि तो रकाना उघडला.

त्या मानसोपचारतज्ज्ञ. चालणे भराभर, बोलणे सावकाश. शहरातल्या दोन ठिकाणी त्यांना आधीच नकार मिळाला होता, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी चहा पिताना सरळ सांगून टाकले. आमच्याकडचे मुख्य सर्जन, ज्यांना सगळे 'मोठे सर' म्हणत, तेही काही अनुकूल नव्हते. "हाड मोडलं तर एक्स-रेवर दिसतं. मन मोडलेलं कुठल्या फिल्मवर दिसतं, ते दाखवा मला!" असे ते भर मीटिंगमध्ये म्हणाले. अखेर विश्वस्तांच्या आग्रहाखातर त्यांनी जिन्याखालची एक खोली दिली आणि सोबत अटही घातली. "एक वर्ष बघतो. माझ्या पेशंटना उपयोग झालेला दिसला तर ठीक. नाहीतर खोली प्लास्टरच्या सामानाला घेणार."

विश्वस्तांनीही मान डोलावली. म्हणजे खोली राहणार की जाणार, ते आता एकट्या मोठ्या सरांच्या हाती होते.

* * *

खोलीवर पाटी लागली, आणि त्या दिवसापासून जिन्याजवळून जाणारी माणसे समोरच्या भिंतीला घासून चालू लागली!

वैजयंतींना बोलावणारा पहिला रेफरन्स निघाला तो पिंपळगावकडच्या एका द्राक्षबागायतदारांचा. पित्ताशयाचे ऑपरेशन उत्तम झाले होते, पण माणूस छताकडे बघत पडून राही आणि डोळ्याला डोळा लागत नसे. वैजयंती खाटेजवळ पोहोचायच्या आतच त्यांचा धाकटा भाऊ आडवा आला. "आमच्या दादाचं पोट कापलंय, डोकं नाही! वेडा ठरवता काय त्याला? घरात दोन पोरी लग्नाच्या हायेत!"

वैजयंती वाद न घालता परतल्या. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी दारापासून सुरुवात केली आणि प्रत्येक खाटेशी थांबून एकच प्रश्न विचारला, "काल झोप कशी लागली?" ज्याचे हाड मोडले त्यालाही तोच प्रश्न, ज्याचा ताप उतरला त्यालाही तोच. पंगतीत वाढणाऱ्याने कोणाला वगळू नये, तसे त्यांनी सोबतच्या नातेवाइकांनाही वगळले नाही. मग त्या कोणासाठी आल्या आहेत, हे कोणाला कळणार?

चार दिवसांत वॉर्डाने त्यांचे नामकरण करून टाकले: झोपेच्या डॉक्टरीणबाई. एकदा एक शिंपी एक्स-रेला गेले असताना त्यांची खाट राहून गेली, तर परत आल्यावर केवढा गहजब! "सगळ्यांची झोप विचारली, माझीच तेवढी राहिली. माझी झोप काय हलक्या कापडाची आहे?"

आणि तो धाकटा भाऊ? आठवड्याच्या शेवटी तो जिन्यापाशी वाट अडवून उभा होता. "मॅडम, दादाचं सावकाश होऊ द्या. आधी माझं बघा!"

* * *

त्या काळी शिकाऊ डॉक्टरांची एक रीत होती. पेशंट दाखल झाला की सलाईन, इंजेक्शन आणि त्याखाली न चुकता एक झोपेची गोळी. ती कोणाला हवी, कोणाला नको, हे कोणी विचारत नसे. आणि पेशंट घरी जाताना ती सवयही पिशवीत घालून घेऊन जाई. वैजयंतींचा पहिला महिना गोळ्या लिहिण्यात नव्हे, तर काढण्यातच गेला. मोठे सर हसून म्हणाले, "गोळ्या बंद करणारी मानसोपचारवाली मी पहिल्यांदाच पाहतोय. दुकान चालायचं कसं?"

मनमाडचे एक निवृत्त गार्ड न्यूमोनियासाठी दाखल होते. सगळे आयुष्य मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेले. त्यांच्या दोन गोळ्या बदलून झाल्या, तरी सकाळच्या राउंडला तक्रार तीच, झोप नाही. वैजयंती स्टूल ओढून बसल्या. "गार्डसाहेब, घरी झोप लागते?"

"घरी लाइनीच्या बाजूलाच क्वार्टर होतं, मॅडम. आता मुलानं तिथंच पलीकडे घर बांधलं. गाडी गेली की भिंत हलते, खाट हलते, मी मस्त झोपतो. इथं गोळी बदलून काय होणार? तुमची खाटच हलत नाही ना!"

माझ्या वॉर्डात कोपऱ्यात एक खाट होती. तिचे एक चाक सैल झालेले, आणि दुरुस्तीचा अर्ज कित्येक महिने कुठेतरी पडून होता. कूस बदलली की ती डुलत असे. मी गार्डसाहेबांना तिथे हलवले आणि गोळी बंद झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते तृप्त चेहऱ्याने म्हणाले, "सिस्टर, आता बरोबर. फक्त मनमाड आलं की उठवा!"

* * *

देवळाली कॅम्पचे एक निवृत्त सुभेदार मनगट मोडून आले. शिस्त अशी की चादरीला सुरकुती नाही. "दारू?" या प्रश्नाला त्यांनी "कभी नहीं!" असे खणखणीत उत्तर दिले होते. परंतु तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे हात थरथरू लागले, डोळे भिरभिरू लागले आणि माझा वॉर्ड त्यांना परेड ग्राउंड दिसू लागला.

"कंपनी, सावधान!" ते खाटेवर ताठ बसून गरजले. मग त्यांनी हजेरी सुरू केली. खाटेखाटेकडे बोट दाखवत ते विचारत आणि पेशंट घाबरून उत्तर देत.

"हजर, साहेब!"

"हजर!"

एकजण तर तोंडात थर्मामीटर असताना हात वर करून हजर झाला. मी वैजयंतींना बोलवायला माणूस पाठवला, तेवढ्यात राउंडसाठी मोठे सर आत आले. नेहमीप्रमाणे अर्धा तास उशिरा.

सुभेदारांनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळले. "ये कोई टाइम है? मैदान के तीन चक्कर!"

आणि ज्यांच्यापुढे विश्वस्तसुद्धा आवाज चढवत नसत, ते आमचे मोठे सर जागच्या जागी थांबून म्हणाले, "सॉरी, सर!"

दारू एकाएकी बंद झाल्यामुळे असे होते, हे वैजयंतींनी बघताक्षणी ओळखले आणि औषध सुरू केले. काही दिवसांनी सुभेदार निवळले, आणि प्रत्येक खाटेशी जाऊन हात जोडून आले. मोठ्या सरांचे म्हणणे एवढेच होते, "हा दारूचा परिणाम. याला मन कशाला म्हणायचं?" खोलीच्या बाबतीत ते तसूभरही हलले नाहीत.

मात्र तेव्हापासून त्यांचा राउंड वेळेवर सुरू होऊ लागला, हे मला साक्षीदार म्हणून नमूद केले पाहिजे.

* * *

बागलाणातल्या एका आजींच्या पायाची जखम भरत नव्हती. मालक गेल्यापासून त्यांनी अन्नच तोडले होते. वैजयंतींनी उदासीवरची एक गोळी सुरू केली. आजी आज्ञाधारक. उशाशी डबीत बाळकृष्ण होता. गोळी आधी त्याच्यापुढे ठेवायची, डोळे मिटायचे, मग पुढचे. मला ते पाहून फार समाधान वाटे.

परंतु दिवस गेले तरी आजींच्या ताटातली भाकर काही कमी होईना. आणि त्यांच्या रांगेतल्या इतर बायका मात्र भर दुपारी पेंगू लागल्या!

मग एका सकाळी मी मुद्दाम लांबून पाहिले. नैवेद्य दाखवून झाल्यावर आजींनी ती गोळी नखाने फोडली. तिचे बारीक बारीक कण केले. शेजारणींनी तळहात पुढे केले, प्रत्येकीच्या हातावर एक कण पडला, तिने तो कपाळाला लावून तोंडात टाकला. उरलेली धूळ आजींनी स्वतः चाटली.

"आजी, हे काय!"

"परसाद शे हाऊ, माय. एकलीनी कसा खावो?"

वैजयंतींनी त्यांना गोळीचे प्रमाण समजावले. आजींनी ते सगळे ऐकून घेतले आणि विचारले की देवाला दाखवलेले एकटीने खाल्ले तर पाप लागेल ते कोणाला, मला की तुला? वैजयंती माझ्याकडे बघू लागल्या. मी आजींच्या शेजारी बसले. "आजी, प्रसाद वाटायचा, हे खरं. पण नवस ज्याने बोलला त्यानेच फेडायचा ना? ही गोळी प्रसादाची नाही. पाय बरा व्हावा म्हणून बोललेल्या नवसाची आहे."

आजींनी बाळकृष्णाकडे पाहिले. त्याची काही हरकत दिसली नाही. त्यांनी गोळी अख्खी गिळली. पुढे सावकाश भाकर कमी होऊ लागली आणि जखम भरू लागली.

पण दुसऱ्याच दिवशी वैजयंती राउंडला आल्या, तर त्या रांगेतल्या सगळ्या बायका उठून बसलेल्या. "डॉक्टरीणबाई, आमालाबी नवस बोलायचाय!"

* * *

एकदा एकादशीला गंमत झाली. गावोगाव कीर्तन करणारे एक बुवा मधुमेहासाठी दाखल होते. त्यांनी बीपीची गोळी घेतली, साखरेची घेतली, आणि वैजयंतींनी दिलेली तेवढी परत केली. "आज उपास आहे."

"बुवा, बाकीच्या दोन चालल्या, मग हीच का नाही?"

बुवा सरसावून बसले. कीर्तनाला श्रोता मिळाला होता. "सिस्टर, बीपी आणि साखर ही देहाची. देहाला उपास कळत नाही. उपास करायचा तो मनाने. आता ही गोळी तुम्ही म्हणता मनाची. मग ज्याने उपास करायचा त्यालाच खाऊ घालायचं?"

युक्तिवाद बिनतोड होता. मी नमस्कार केला आणि विचारले, "बुवा, एकादशीला मनाने काय घ्यावं?"

"नाम! दुसरं काय?"

"मग गेले काही महिने जपात मन लागत नाही, म्हणून रडला होतात ना? नाम तोंडापर्यंत येतं आणि आत उतरत नाही, हे तुम्हीच डॉक्टरांना सांगितलंत. ते आत उतरावं म्हणूनच ही आहे. साबुदाण्यासारखी समजा."

बुवांनी मान वाकवून गोळी न्याहाळली. मग हात पुढे करून म्हणाले, "एकादशी आहे. दोन द्या!"

* * *

हरसूलकडच्या डोंगरातला एक तरुण मांडीचे हाड मोडून आला. पायाला वजन लावून त्याला बरेच आठवडे खाटेवर राहणे भाग होते. त्यात गावी त्याचे लेकरू तापाने गेल्याचा निरोप आला, आणि त्याने भिंतीकडे तोंड केले. बोलणे बंद, जेवण बंद. गोळी दिली की दात घट्ट. एके दिवशी त्याचा बाप गावच्या भगताला घेऊन आला. डोक्याला फडके, हातात मोरपिसांचा कुंचा.

मोठे सर कडाडले. "रुग्णालय आहे की जत्रा? आणि तुम्ही त्यांना खुर्ची देताय, वैजयंती?"

"सर, पेशंट माझ्या हातून गोळी घेत नाही. त्यांच्या हातून घेईल." मग त्या भगताकडे वळल्या. "बाबा, औषध माझं, हात तुमचा. चालेल?"

भगताने गोळी तळहातावर घेऊन निरखली, हुंगली. "मंतर माझा चालंल ना तुमाला?"

"चालेल. पण गोळी रोज द्यायची, एकही दिवस चुकवायची नाही."

तो गडी जबाबदारीचा निघाला. मुक्काम टाकून तो रोज सकाळी कुंचा फिरवी, काहीतरी पुटपुटे, आणि तो तरुण त्याच्या हातून मुकाट गोळी घेई. काही आठवड्यांनी पोराने तोंड इकडे वळवले आणि आईच्या हातची नागलीची भाकर मागितली. बाप माझ्यासमोर ओक्साबोक्शी रडला. मोठे सर पाय बघायला आले होते; त्यांनी पायाचे वजन तपासले आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

निघायच्या दिवशी भगत जिन्याखालच्या खोलीत आला. दार लावून घेतले आणि हळूच म्हणाला, "बाई, मलाबी लय दिस झोप नाय. माझा मंतर माझ्यावर चालत नाय. त्यातलं एक पाकीट द्या ना."

"तुम्हाला आधी तपासावं लागेल, बाबा."

"तपासा ना! पन हितंच. भायेर सांगू नका, माझी गिऱ्हाइकं जातील!"

* * *

हा शेवटचा किस्सा मोठ्या सरांच्या परवानगीने सांगते. त्यांना तो मी वाचून दाखवला. त्यांनी एक शब्द बदलायला सांगितला. कोणता, ते मी सांगणार नाही.

वर्ष संपत आले होते. सोमवारी खोलीचा निर्णय व्हायचा होता आणि प्लास्टरच्या सामानाची खोकी जिन्यापाशी येऊन पडली होती. वैजयंतींनी आपली पुस्तके पिशवीत भरली नव्हती, पण टेबलावरून उचलून ठेवली होती. अशा त्या आठवड्यात मोठ्या सरांच्या आई, ज्यांना घरचे आणि आम्हीही माई म्हणत असू, देवळाच्या पायरीवर घसरल्या आणि खुब्याचे हाड मोडून माझ्याच वॉर्डात आल्या.

माई म्हणजे साक्षात भक्ती. स्ट्रेचरवरसुद्धा त्यांचा उजवा हात गोमुखीच्या पिशवीत होता आणि आतल्या आत जपमाळ फिरत होती. वेदनेत कण्हण्याऐवजी त्या नाम घेत होत्या. मोठ्या सरांनी सगळ्यांना बजावले, "माई जपात असली की कोणी मध्ये बोलायचं नाही. गोमुखीला तर कोणी हातही लावायचा नाही."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी राउंड आला. मोठे सर, भूल देणारे डॉक्टर, शिकाऊ मुले, आणि सगळ्यांत मागे वैजयंती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी खाली वाकून विचारले, "माई, रोजच्या गोळ्या कुठल्या चालू आहेत?"

"बीपीची एक," मोठे सर म्हणाले.

"झोप कशी लागते, माई?"

"उत्तम," मोठे सर म्हणाले.

"कधी उदास वाटणं, घाबरणं, त्यासाठी काही औषध?"

"छे!" मोठे सर मागे वळले आणि त्यांची नजर वैजयंतींवर थांबली. "आमच्या माईला नामाचा आधार आहे. तिला असल्या गोष्टींची कधी गरज पडली नाही."

वैजयंतींनी मान खाली घातली.

माईंची माळ थांबली. "झालं तुझं?" त्यांनी मुलाला विचारले. मग आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "बाकीचे जरा पलीकडे व्हा. याला राहू दे."

मी पडदा ओढला. आम्ही सगळे अलीकडे उभे राहिलो. पडदा कापडाचा होता.

आतून आधी गोमुखीतल्या माळेचे मणी वाजले आणि मग दुसरेच काहीतरी कुरकुरले. औषधाच्या पाकिटाचा आवाज इतकी वर्षे नोकरी केलेल्या माणसाला ओळखू येतो.

"ही घे. त्या भुलीच्या डॉक्टरांना दाखव, उद्या घोटाळा नको. तुझे बाबा गेल्यापासून घेतेय. सकाळी, दोन माळांच्या मध्ये एक."

"माई... ही तुला कोणी दिली?"

"डॉक्टरांनी. तुला काय वाटलं, देवानं?"

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू मला विचारतोस कधी? तू माझ्याबद्दल सांगतोस. घरी जेवताना म्हणालास ना, सोमवारी त्या पोरीची खोली काढून घेणार म्हणून? मग आधी माझ्या हातातली ही काढून घे."

शिकाऊ मुले जमिनीकडे बघत होती. आत पाकीट एकदा उलटले गेले, पुन्हा सुलटे झाले. मग मोठ्या सरांचा आवाज आला, अगदी हलका. एवढ्या वर्षांत तो तसा मी कधी ऐकला नव्हता.

"उपाशीपोटी घेतेस का ही? मळमळतं, माई. नाश्त्यानंतर घेत जा. मीसुद्धा ही तशीच घेतो."